राजीनाम्याचा हिशेब

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ चाकरी ही म्हण ज्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या घोकली आणि ज्यांतील पांढरपेशा वर्गानें पिढ्यान्‌पिढ्या चाकरीच केली, त्या समाजास चाकरी सोडणाऱ्या पुरुषाचें विलक्षण कौतुक वाटावें, हें स्वाभाविकच आहे. आमच्या चरित्रग्रंथांत राजीनाम्याचें प्रकरण आलें कीं लेखकाच्या लेखणीस स्फुरण चढतें, आणि वाचकाची छातीहि दोन बोटें फुगते. त्या राजीनाम्याच्या आधींचीं वर्षें मात्र बहुधा अर्ध्या पानांत आटोपलेलीं असतात. घरांत खाणारीं तोंडें किती होतीं, हातांत शिल्लक काय होती, पुढें किती महिन्यांचा खर्च भागणार होता, या क्षुद्र गोष्टी चरित्रकारास शोभत नाहींत. आमच्या मतें खरा इतिहास त्या अर्ध्या पानांतच असतो. तें पान थोडें विस्तारून वाचावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आणि तसें करण्यास एक निमित्तहि झालें आहे.

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी सायंकाळीं आमच्या घरीं आला. वय तिशीच्या आंतबाहेर. एका खासगी कंपनीच्या हिशेबखात्यांत नोकरी. सकाळीं कायद्याच्या महाविद्यालयांत तास आणि तेथून धांवतपळत कचेरी. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमापैकीं दीड वर्ष झालेलें. कचेरी सुटण्याची वेळ सहाची, परंतु सुटका नऊपूर्वीं क्वचितच; आणि घरीं आल्यावरहि वरिष्ठांचे निरोप मोबाइलवर येतच असतात. लोकलगाडींत उभ्याउभ्याच झोंप लागते, असें तो हंसत म्हणाला. परंतु तें हंसणें आम्हांस बरें वाटलें नाहीं. त्याच्या डोळ्यांखालीं काळीं वर्तुळें उमटलीं होतीं, आणि चहाचा पेला हातांत धरून तो मधूनच बोलावयाचा थांबत असे.

“सर, नोकरी सोडूं का?” त्यानें अखेरीस विचारलें. “तुम्ही आम्हांला इतिहास शिकविलात. मोठ्या माणसांनीं अशा वेळीं काय केलें, तेवढें सांगा.”

वीस वर्षांपूर्वींचे आम्ही असतों, तर या प्रश्नाचें उत्तर तत्काळ दिलें असतें. किंबहुना तसें एकदां दिलेंहि होतें. तेव्हां अशाच एका तरुणानें आम्हांस असाच प्रश्न केला होता, आणि आम्हीं वर्गांत देत असूं तेंच व्याख्यान त्यास घरीं दिलें: चिपळूणकरांनीं नोकरी सोडली, तूंहि सोड. त्यानें सोडली. पुढें आठ महिन्यांत त्याच्या वडिलांचें आजारपण निघालें, जवळची पुंजी संपली, अभ्यास सुटला, आणि पहिल्याहून कमी पगाराची दुसरी नोकरी त्यास पत्करावी लागली. तो आम्हांस कधीं दोष देत नाहीं. भेटला म्हणजे वांकून नमस्कारच करतो. त्या नमस्काराचें ओझें आम्हीं अजून वाहत आहों. यास्तव या खेपेस आम्हीं उत्तर न देतां आठ दिवसांची मुदत मागितली, आणि जीं चरित्रें आम्हांस पाठ आहेत असें वाटत होतें, तीं पुन्हां उघडलीं.

प्रथम चिपळूणकर. विष्णुशास्त्र्यांनीं इ. स. १८७९ मध्यें सरकारी शाळेची नोकरी सोडली आणि इ. स. १८८० च्या आरंभीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल निघालें, हें प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. परंतु ‘निबंधमाला’ इ. स. १८७४ च्या जानेवारींत निघाली, ही गोष्ट या संदर्भांत कोणी ध्यानांत घेत नाहीं. म्हणजे ज्या लेखणीनें महाराष्ट्र हालविला, ती सुमारें पांच वर्षें सरकारी शाळेंत तास घेणाऱ्या एका मास्तरच्या हातांत होती. ‘काव्येतिहाससंग्रह’ आणि चित्रशाळा यांचा उद्योगहि इ. स. १८७८ मध्येंच, म्हणजे राजीनाम्याच्या पूर्वींच, सुरू झालेला होता. तेव्हां शास्त्रीबोवांनीं नोकरी सोडली ती पोकळींत उडी टाकण्यासाठीं नव्हे. नांव झालेलें होतें, वाचक जोडलेले होते, सहकारी भेटलेले होते. पुढचा पाय टेंकण्यापुरती जमीन आधीं तयार करून मगच त्यांनीं मागचा पाय उचलला. आम्ही आमच्या व्याख्यानांत वर्णन करीत असूं तें मागचा पाय उचलण्याचें; जमीन तयार करण्याचीं पांच वर्षें आम्हीं गाळीत होतों. आमच्या त्या पहिल्या विद्यार्थ्यास आम्हीं अर्धा इतिहास सांगितला, आणि अर्धा इतिहास हा पुष्कळदां असत्याहूनहि घातक ठरतो.

दुसरें चरित्र गोपाळ कृष्ण गोखले यांचें. आणि आमच्या विद्यार्थ्याच्या स्थितीशीं तें अधिक जुळतें. गोखल्यांचे वडील इ. स. १८७९ मध्यें वारले, तेव्हां गोपाळराव तेरा वर्षांचे होते. वडील बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून कागल येथें पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं धाडीत. पंधरांतले आठ! वाचकांनीं हा आंकडा क्षणभर डोळ्यांसमोर धरावा. कारण गोखल्यांच्या पुढील प्रत्येक निर्णयावर या आठ रुपयांची छाया आहे. इ. स. १८८४ मध्यें वयाच्या अठराव्या वर्षीं ते बी. ए. झाले. पुढें न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिक्षकाचें काम पत्करून त्यांनीं त्याच वेळीं कायद्याचा अभ्यास चालविला, आणि एल्‌एल्‌. बी. ची पहिली परीक्षा ते उत्तीर्णहि झाले. वकिली म्हणजे त्या काळीं प्रतिष्ठेचा आणि पैशाचा राजमार्ग. घरची आशा त्या मार्गाकडे लागली असल्यास तिला कोण नांवें ठेवील?

परंतु दिवसा शाळा, वर खासगी शिकवण्या आणि उरल्या वेळांत कायदा, अशी ही ओढाताण होती. आणि इकडे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होण्याचा प्रश्न उभा राहिला. सभासद होणें म्हणजे अल्प वेतनावर वीस वर्षें संस्थेस वाहून घेणें. गोखल्यांनीं इ. स. १८८६ मध्यें तें पत्करलें, आणि कायद्याची पदवी अर्ध्यावर राहिली. येथें त्यांनीं सोडली ती नोकरी नव्हे, अभ्यास सोडला. आमच्या लोकांस अशी गोष्ट पराभवासारखी दिसते. परंतु गोखल्यांनीं फक्त पदवीचा अभ्यास सोडला, व्यासंग सोडला नाहीं. पुढें न्यायमूर्ति रानड्यांच्या हाताखालीं त्यांनीं जमाखर्चाच्या सरकारी अहवालांचा जो कठोर अभ्यास केला, त्यास कोणत्याहि विद्यापीठाची परीक्षा नव्हती; आणि इ. स. १९०२ मध्यें वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर त्यांचें पहिलें भाषण झालें, तेव्हां त्या अभ्यासाचें चीज झालें. ज्यानें अंकगणिताचें पाठ्यपुस्तक लिहिलें, त्यास स्वतःच्या आयुष्याची वजाबाकीहि करतां आली. दोहोंपैकीं एक सोडावयाचें, तर तें नोकरीच असलें पाहिजे असें नाहीं.

दोन्ही राखून पार पडलेला मनुष्य नाहींच काय? आहे, परंतु त्याच्यासाठीं आम्हांस क्षणभर महाराष्ट्राबाहेर, स्वित्झर्लंडमधील बर्न या शहरीं जावें लागेल. आल्बर्ट आइन्स्टाइन यांस पदवी मिळाल्यावर कोणत्याहि विद्यापीठांत जागा मिळाली नाहीं, आणि इ. स. १९०२ मध्यें ते बर्नच्या पेटंट कचेरींत तिसऱ्या वर्गाचे तज्ज्ञ म्हणून लागले. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे आठ तास काम. इ. स. १९०५ मध्यें त्यांचे ते जगप्रसिद्ध निबंध निघाले, झुरिकच्या विद्यापीठाची डॉक्टरची पदवी मिळाली, आणि हें सर्व त्या कचेरीच्या खुर्चीवर असतांना. इतकें होऊनहि त्यांनीं नोकरी सोडली नाहीं. झुरिकच्या विद्यापीठांत प्राध्यापकाची जागा हातीं आल्यावर, इ. स. १९०९ मध्यें त्यांनीं ती सोडली. हें उदाहरण आमच्या विद्यार्थ्यास सांगावें असा मोह आम्हांस झाला. परंतु त्यांतली मेख पाहिल्यावांचून तें सांगणें अन्यायाचें होईल. आठ तास संपले कीं पेटंट कचेरी संपत असे. ती मनुष्याचे तास घेई. त्याचें मन घेत नसे. रात्रीं अकराला निरोप धाडणारी कचेरी आणि ही कचेरी यांस नोकरी हें एकच नांव असलें, तरी त्या दोन भिन्न वस्तु आहेत. तेव्हां नोकरी आणि अभ्यास हीं एकत्र नांदतील कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर उमेदवाराच्या बुद्धीवर जितकें अवलंबून आहे, त्याहून अधिक नोकरीच्या जातीवर अवलंबून आहे.

आतां ज्यानें अभ्यासासाठीं नोकरी खरोखरच सोडली, त्या पुरुषाकडे वळूं. हें चरित्र आम्हीं सर्वांत शेवटीं घेतलें, कारण तें सर्वांत कठीण आहे. भीमराव आंबेडकर यांची बडोदें सरकारची शिष्यवृत्ति इ. स. १९१७ मध्यें संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांस परत यावें लागलें. मात्र चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनीं लंडन विद्यापीठाकडून मिळविलेली होती. पुढें बडोद्याच्या नोकरींत अस्पृश्य म्हणून राहावयास घरहि मिळेना, म्हणून त्यांस मुंबईस परतावें लागलें. तेथें शिकवण्या, व्यापाऱ्यांस सल्ला देण्याचा धंदा, असे उद्योग झाले. परंतु जात कळतांच गिऱ्हाइकें पांगलीं. अखेर इ. स. १९१८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयांत अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. पगार दरमहा साडेचारशें रुपये.

त्या काळीं साडेचारशें रुपये ही सुखवस्तु माणसाची कमाई होती. हा पगार घेऊन आंबेडकर परळच्या चाळींत दोन लहान खोल्यांत राहिले. घरखर्चास ठरीव रक्कम रमाबाईंच्या हातीं द्यावयाची, आणि उरेल तें लंडनसाठीं बाजूस टाकावयाचें, असा त्यांचा क्रम होता. नोकरीहि सुखाची नव्हती. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांवर लुब्ध झाले, बाहेरच्या महाविद्यालयांतून ऐकावयास येऊं लागले. परंतु प्राध्यापकांच्या खोलींतील पाण्याच्या भांड्यास त्यांनीं हात लावावा, हें कांहीं सहकाऱ्यांस खपत नव्हतें. अशा ठिकाणीं रोज जाऊन तयारीनें तास घेणें, साउथबरो समितीपुढें साक्ष देणें, इ. स. १९२० च्या जानेवारींत ‘मूकनायक’ सुरू करणें आणि सरकारी नोकर म्हणून त्यावर संपादकाचें नांव दुसऱ्याचें घालणें, एवढें सर्व त्या सोळा महिन्यांत चालूं होतें. मार्च १९२० मध्यें त्यांनीं राजीनामा दिला, आणि जुलैंत ते लंडनला निघाले.

या राजीनाम्यांत साहस होतेंच. परंतु त्यामागील हिशेब पाहा. चार वर्षांच्या मुदतीपैकीं अडीच वर्षें संपत आलीं होतीं. आणखी थांबावें तर दार बंद होणार. नोकरी तात्पुरती, ती धरून बसण्यांत कायमचें असें कांहीं हातीं लागणार नव्हतें. अभ्यास कोणता, किती वर्षांचा आणि कोठें, हें ठरलेलें होतें. स्वतःची शिल्लक होती. तिच्यांत कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राचें पांच हजारांचें कर्ज यांची भर पडली. मगच राजीनामा. अर्थशास्त्राचा हा प्राध्यापक आपलें शास्त्र प्रथम आपल्या घरास लावीत होता. इतकें करूनहि हिशेब पुरता जुळला नाहीं. लंडनमध्यें अर्धपोटीं राहून ग्रंथालय उघडल्यापासून मिटेपर्यंत वाचन, आणि मुंबईंत रमाबाईंच्या घरीं पैशाची चणचण, असे ते दिवस गेले. इ. स. १९२१ मध्यें एम्‌. एस्सी., १९२३ मध्यें डी. एस्सी., शिवाय बॅरिस्टरी. हें सारें मिळालें, परंतु त्याची किंमत एकट्या भीमरावांनीं दिली नाहीं. ज्या स्त्रीचें नांव कोणत्याहि पदवीपत्रावर नाहीं, तिनेंहि ती दिली. राजीनामा देणाराचें चरित्र लिहिणारांनीं त्याच्या घराचें चरित्रहि लिहावें, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

कोणी म्हणेल, हीं सर्व असामान्य माणसें. सामान्य कारकुनास यांचा काय उपयोग? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तरहि इतिहासांतच आहे. सामान्य माणसास कमाई आणि विद्या यांपैकीं एक निवडावयास लावणें हाच मुळांत अन्याय होय, हें आमच्याकडील कांहीं थोरांनीं फार पूर्वीं ओळखलें. जोतीराव फुल्यांनीं इ. स. १८५५ मध्यें आपल्या घरीं रात्रशाळा काढली, ती दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठीं. ना. म. जोशी यांनीं इ. स. १९११ मध्यें मुंबईस सोशल सर्व्हिस लीग स्थापिली आणि तिच्या रात्रशाळांतून गिरणगांवच्या कामकऱ्यांस अक्षरें मिळालीं. आणि इ. स. १९४६ च्या जूनमध्यें मुंबईंत सिद्धार्थ महाविद्यालय उघडलें, तेव्हां त्याचे तास सकाळीं ठेवण्यांत आले. हेतु हा कीं, गरीब विद्यार्थ्यानें सकाळीं शिकावें आणि दिवसा कचेरींत पोट भरावें. या महाविद्यालयाचे संस्थापक कोण? ज्यांस सव्वीस वर्षांपूर्वीं शिकण्यासाठीं नोकरी सोडावी लागली होती, तेच डॉक्टर आंबेडकर. आपण जी किंमत दिली ती पुढल्यांस द्यावी लागूं नये, अशी व्यवस्था त्यांनीं केली. त्यांच्या राजीनाम्याविषयीं आम्हीं आजवर पुष्कळ बोललों. या वेळापत्रकाविषयीं फारच थोडें. आमच्या मतें वेळापत्रक हें राजीनाम्याहून मोठें कृत्य आहे. इ. स. १९८९ मध्यें नाशिकास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालें, तें याच वाटेवरचें पुढचें पाऊल.

खेदाची गोष्ट एवढीच कीं, विद्यालयांनीं आपले तास बदलले, आणि कचेऱ्यांनीं मात्र आपले तास सोडून दिले. सकाळचें महाविद्यालय दिवसाच्या कचेरीशीं जुळवून काढलें होतें. दिवसाची कचेरी जर रात्रींत शिरली, तर त्या जुळवणीचा अर्थ काय उरला? आमच्या विद्यार्थ्याची अडचण अंशतः ही आहे. ती त्याच्या दुर्बलतेची नाहीं, आणि हें त्यास कोणीतरी सांगणें आवश्यक होतें.

आठ दिवसांनीं तो आला. आम्हीं त्यास सोडहि म्हटलें नाहीं आणि राहाहि म्हटलें नाहीं. एक कोरा कागद पुढें ठेवला आणि चार प्रश्न लिहावयास सांगितले. अभ्यासाची मुदत किती उरली आणि ती वाढवून मिळते काय? नोकरी सोडल्यास घर किती महिने चालेल, आणि त्या घरांतील माणसांस हें विचारलें आहे काय? ही नोकरी केवळ तास घेते, कीं मनहि घेते. आणि मन घेत असल्यास, कमी पगाराची पण सहाला सुटणारी दुसरी मिळेल काय? आणि शेवटचें: कायदा शिकावयाचा आहे, कीं या कचेरींतून केवळ पळावयाचें आहे?

तो बराच वेळ लिहीत होता. दुसऱ्या प्रश्नापाशीं थांबून म्हणाला, “घरीं अजून विचारलें नाहीं, सर.” चौथ्या प्रश्नापुढें त्यानें कांहीं लिहिलें आणि कागद घडी करून खिशांत घातला, आम्हांस दाखविला नाहीं, आणि आम्हींहि मागितला नाहीं.

पुढें महिन्यानें त्याचें पत्र आलें. पत्नीशीं आणि आईशीं बोलणें झालें. पुढील परीक्षेपर्यंत, म्हणजे पांच महिने, नोकरी ठेवावयाची, दरमहा ठरीव रक्कम बाजूस टाकावयाची, आणि दरम्यान सहाला सुटणारी जागा शोधावयाची, असें ठरलें. न मिळाल्यास शेवटचें वर्ष नोकरीवांचून काढावयाचें; तेवढ्यापुरता घरचा खर्च पत्नी चालवील. खालीं चार ओळींत रकमा मांडल्या होत्या. बेरजेंत एके ठिकाणीं सातशें रुपयांची चूक होती. ती आम्हीं कळविली.

ज्यास वीस वर्षांपूर्वीं आम्हीं व्याख्यान दिलें, त्यास मात्र असा कागद आम्हीं दिला नव्हता. पुढल्या खेपेस तो भेटून वांकूं लागेल, तेव्हां त्यास वांकूं न देण्याचें आम्हीं ठरविलें आहे.